मी ताईला ढकलले नव्हते

बालमित्रांनो, या महिन्याच्या भित्तिपत्रिकेसाठी गुरुजींनी 'पाहिले, करून पाहिले, कळले' असा विषय दिला आहे. मी झोक्याविषयी लिहिणार आहे. झोक्यामुळे आणि त्याच्यासारख्याच एका खेळण्यामुळे माझ्यावर दोन वेळा खोटेपणाचा आळ आला होता. तो कसा गेला, ते यात आहे. शेवटी पावसाच्या अंदाजाविषयी लिहिले आहे. तो भाग घरच्या मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा.

नागपंचमीला काकांनी परसातल्या दोन आंब्यांच्या मध्ये एक लांब बांबू आडवा बांधला. त्याला सारख्या लांबीचे दोन झोके टांगले. मी एका झोक्यावर बसून उंच झोका घेत होतो. ताई दुसऱ्या झोक्यावर नुसती बसून चिंचा खात होती. थोड्या वेळाने तिचा झोका आपोआप हलू लागला. आधी जरासा, मग जास्त. तिच्या हातातली चिंच मातीत पडली. ती ओरडली, "आई, ह्याने मला ढकललं!" मी म्हणालो, "मी हातसुद्धा लावला नाही." आई म्हणाली, "मग काय भुताने ढकललं?" आणि माझा झोका दोन दिवस बंद झाला.

मला फार राग आला. मी खरोखरच ढकलले नव्हते. उलट ताईचा झोका वाढत होता तेव्हा माझा झोका कमी होत होता, हे मी नीट पाहिले होते. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सर्व सांगितले. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "तू खरं बोलतोस की खोटं, ते आपण दोरीलाच विचारू."

त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि मध्ये एक सुतळी बांधली. सुतळीला सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या बांधल्या. प्रत्येक दोरीच्या टोकाला एकेक दगड. दोन्ही दगड सारखेच. मग एक दगड बाजूला ओढून सोडला. दुसऱ्याला कोणी हात लावला नाही. पहिला दगड हलत राहिला. थोड्या वेळात दुसराही हलू लागला. पहिला मंद होत होत जवळजवळ थांबला आणि दुसरा जोरात हलू लागला. मग परत उलटे झाले. दुसरा थांबला आणि पहिला हलू लागला. असे चार वेळा झाले. सगळा वर्ग गप्प बसून बघत होता.

याचे कारण असे. हलणारा दगड प्रत्येक हेलकाव्याला मधली सुतळी थोडीशी ओढतो. ती ओढ दुसऱ्या दगडाला लागते. ओढ अगदी छोटी असते, पण बरोबर वेळेवर लागते. आपण लहान बाळाला झोका देतो तेव्हा एकदाच मोठा धक्का देत नाही. झोका परत येतो तेव्हा हलकेच ढकलतो, आणि दहा वेळा हलके ढकलून झोका उंच जातो. इथे ते काम सुतळी करते. दुसऱ्याला जेवढा जोर मिळतो तेवढा पहिल्याचा कमी होतो. जोर फुकट येत नाही. गुरुजींनी एक दोरी आखूड केली, तेव्हा मात्र हा खेळ नीट झाला नाही. कारण आखूड दोरीचा दगड भरभर हलतो आणि लांब दोरीचा सावकाश. मग ओढ वेळेवर लागत नाही.

म्हणजे ताईला मी ढकलले नव्हते, भुतानेही नाही. बांबूने ढकलले होते. मी घरी दोन स्टुले ठेवून हे सर्व करून दाखवले. आईने दगडांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "बरं, जा झोक्यावर." ताई म्हणाली, "पण माझी चिंच तर गेली ना?"

गुरुजींनी सांगितले की असा प्रकार पूर्वी एका मोठ्या शास्त्रज्ञालाही दिसला होता. त्याचे नाव ख्रिस्तियान हायगेन्स. तो हॉलंड देशात राहत होता. लंबकाचे घड्याळ त्यानेच १६५६ साली बनवले. १६६५ साली तो आजारी होता आणि अंथरुणावर पडून होता. खोलीत दोन घड्याळे एकाच आडव्या लाकडाला टांगलेली होती. त्याने पाहिले की दोन्ही लंबक एकाच ठोक्यावर हलतात. एक उजवीकडे जातो तेव्हा दुसरा बरोबर डावीकडे. त्याने मुद्दाम ताल बिघडवला, तरी अर्ध्या तासात ते परत एका ठोक्यावर आले. हवेमुळे असे होते की काय, असे त्याला आधी वाटले. नंतर कळले की लाकूड जरा जरा हलते आणि एकाची खबर दुसऱ्याला पोचवते.

इथे मला एक शंका आली. आमचे दगड एकदा हा, एकदा तो असे थांबत होते. मग घड्याळे का थांबली नाहीत? गुरुजी म्हणाले की घड्याळाला स्वतःचा जोर असतो. त्यात चावी किंवा वजन असते, ते लंबकाला सारखे चालू ठेवते. दगडाला स्वतःचा जोर नसतो. ज्यांना स्वतःचा जोर आहे आणि जे एकमेकांना थोडेसे बांधलेले आहेत, ते हळूहळू एका ठोक्यावर येऊ शकतात.

आम्ही हेसुद्धा करून पाहिले. गुरुजींनी सर्वांना कान बंद करायला सांगितले असते तर टाळी वाजवता आली नसती, म्हणून त्यांनी वेगळी युक्ती केली. त्यांनी आधी प्रत्येकाला एकेकटे व्हरांड्यात नेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. कोणी भरभर वाजवल्या, कोणी सावकाश. मग सर्वांना एकत्र बसवून वाजवायला सांगितल्या. पहिल्यांदा पाऊस पत्र्यावर पडतो तसा नुसता आवाज झाला. थोड्या वेळाने कोणी न सांगता सगळ्यांची टाळी एकच झाली. भजनात असेच होते. पावसाच्या आधी भंडारदऱ्याकडे झाडांवर काजवे येतात, तेही कधी कधी एकाच वेळी लुकलुकतात. ते एकमेकांचा उजेड बघतात. उजेड हीच त्यांची दोरी.

आपल्या घरातल्या विजेचेही असेच आहे. वीज केंद्रात मोठी यंत्रे फिरतात. आपल्या देशात विजेचा ठोका सेकंदाला ५० वेळा असतो. चंद्रपूरचे यंत्र, कोयनेचे यंत्र, दुसऱ्या राज्यातले यंत्र, सगळी तारांनी बांधलेली आहेत आणि सगळी एकाच ठोक्यावर चालतात. दक्षिणेकडच्या राज्यांचा ठोका मात्र पूर्वी वेगळा होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी कर्नाटकातले रायचूर आणि आपले सोलापूर यांच्यामध्ये मोठी वीजवाहिनी जोडली आणि साऱ्या देशाचा ठोका एक झाला. म्हणजे तोही एक बांबूच, फक्त फार मोठा.

आता दुसरा आळ. बाबांनी उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून दोन जुने बॉलबेअरिंग आणले होते. ते वापरून त्यांनी मला एक खेळणे करून दिले. एक लाकडी पट्टी खांबाला अशी लावली की ती गरगर फिरेल. तिच्या खालच्या टोकाला दुसरी पट्टी तशीच लावली. म्हणजे झोक्याला झोका. दोन्ही पट्ट्या वर उचलून सोडल्या की खालची पट्टी कोलांट्या उड्या मारते. मी ओट्यावर मित्रांना सांगितले, "ही चार कोलांट्या मारते, मी मोजल्यात." त्यांच्यासमोर सोडली, तर तिने एकच मारली. सगळे हसले. एक जण म्हणाला, "खोटारडा!" मी परत सोडली. आता सहा झाल्या. तेव्हा ते म्हणाले की तू काहीतरी लबाडी करतोस.

मी घरी जाऊन वही घेतली आणि दहा वेळा मोजले. प्रत्येक वेळी पट्टी भिंतीवरच्या खुणेपर्यंतच उचलली. कोलांट्या अशा झाल्या: ४, १, ६, ३, ३, ७, २, ५, १, ४. खूण तीच, पट्टी तीच, सोडणारा मीच. तरी उत्तर दर वेळी वेगळे.

गुरुजींनी वही पाहिली आणि मला म्हणाले, "आता पट्टी थोडीशीच उचल." मी थोडीशीच उचलली. तेव्हा ती शहाण्यासारखी हलली, दहाही वेळा सारखीच. जास्त उचलली की मगच वेडेपणा करते. गुरुजींनी आणखी एक गोष्ट दाखवली. उंचावरून सोडली तरी पहिला हेलकावा दर वेळी सारखाच असतो. दुसराही बहुतेक सारखा. त्यानंतर फाटे फुटतात.

असे का होते? मी खुणेपर्यंत पट्टी उचलतो, पण माझा हात काही यंत्र नाही. एखाद्या केसाएवढा फरक पडतोच. साध्या झोक्यात केसाएवढा फरक केसाएवढाच राहतो. या पट्टीत तो दुप्पट होतो, मग चौपट, मग आठपट. केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जरा बारीक असतो. तो दहा वेळा दुप्पट केला की माझ्या तळहाताएवढा होतो. हिशोब करून बघा, १ दहा वेळा दुप्पट केला की १०२४ येतात. तळहाताएवढ्या फरकाने पट्टी कोलांटी मारणार की नाही, ते बदलते.

अशा हालचालीला शास्त्रज्ञ केऑस म्हणतात. मला वाटले केऑस म्हणजे अनागोंदी. गुरुजी म्हणाले, तसे नाही. अनागोंदीत नियमच नसतो. पट्टी मात्र पूर्णपणे नियमाने हलते. अगदी तसेच सोडता आले असते तर ती अगदी तशीच हलली असती. पण अगदी तसेच सोडणे कोणालाच जमत नाही. म्हणजे मीही खोटा नाही आणि पट्टीही खोटी नाही.

ही गोष्ट हवामानात सापडली. अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. १९६१ साली ते संगणकावर हवामानाचा हिशोब करत होते. एक हिशोब त्यांना परत करून बघायचा होता. संगणकात आकडा होता ०.५०६१२७. त्यांनी कागदावर छापलेला ०.५०६ एवढाच घातला. शेवटचे तीन आकडे इतके बारीक, त्यांनी काय होणार? ते कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन बघतात तर नवे हवामान आणि जुने हवामान यांचा काही मेळच नाही. सुरुवातीला दोन्ही सारखे होते, नंतर फाटे फुटले. माझ्या पट्टीसारखेच! १९६३ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले. म्हणून कोणत्या दिवशी काय हवामान असेल हे साधारण दोन आठवड्यांच्या पुढे कोणालाच नीट सांगता येत नाही. कितीही मोठा संगणक आणला तरी.

मग आमची आजी म्हणते ते खरे की काय? आजी म्हणते, "तो हवामानवाला रोज काहीतरी सांगतो. पाणी काय सांगून येतं का?" आजीने पूर पाहिला आहे. आमचे गाव उल्हास नदीपासून लांब नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३. त्या दिवशी उल्हास नदी चढली. बदलापूर, कल्याणकडे घरांत पाणी शिरले. आमच्या घरातही कमरेइतके होते, तांदळाची सगळी पोती भिजली. २०१९ सालीही तसेच झाले. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. गाडीत हजारावर माणसे होती. २७ जुलैला बोटी आणल्या, नौदल आणि हवाई दलही आले आणि सर्वांना सुखरूप बाहेर काढले.

मी गुरुजींना आजीचा प्रश्न विचारला. त्यांनी माझी दहा वेळा मोजलेली वही परत उघडली आणि म्हणाले, "हवामान खातेसुद्धा हेच करते." हवामान खाते १ जून २०१८ पासून एकच अंदाज न काढता एका वेळी २१ अंदाज काढू लागले. प्रत्येकाची सुरुवात केसाएवढी वेगळी. त्यासाठी फार मोठे संगणक लागतात. पुण्याच्या संस्थेत २०१८ साली प्रत्यूष नावाचा आणि २०२४ साली अर्क नावाचा महासंगणक बसवला. २१ पैकी बहुतेक अंदाजांत मोठा पाऊस आला तर पाऊस येण्याची शक्यता जास्त. दोन-तीनच अंदाजांत आला तर कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे आणि जास्त म्हणजे नक्की नव्हे.

मी विचारले, "मग एप्रिलमध्येच अख्ख्या पावसाळ्याचा अंदाज कसा देतात?" गुरुजींनी मला आणखी दहा वेळा पट्टी सोडायला सांगितली. पहिल्या दिवशी दहा वेळच्या मिळून ३६ कोलांट्या झाल्या होत्या. या वेळी ३४ झाल्या. म्हणजे एका वेळची संख्या सांगता येत नाही, पण दहा वेळची साधारण बेरीज सांगता येते. एप्रिलच्या अंदाजात कोणत्या दिवशी किती पाऊस ते नसते. सगळ्या पावसाळ्याची बेरीज असते. समुद्राचे पाणी किती गरम आहे यावरून ती काढतात, कारण समुद्र सावकाश बदलतो.

आता मला सर्वात आवडलेली गोष्ट. १९९० साली पेकोरा आणि कॅरॉल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवले की अशा दोन बेभरवशाच्या वस्तूंनाही एका ठोक्यावर आणता येते. पहिलीची थोडीशी खबर दुसरीला सारखी देत राहायचे, म्हणजे दुसरी तिच्या मागोमाग तशीच वेडीवाकडी चालू लागते. पुढे काय होईल ते दोघींनाही माहीत नसते, तरी दोघी बरोबर राहतात. दोघींच्या मध्ये दोरी पाहिजे एवढेच.

गुरुजी म्हणाले की संगणकातले आभाळ आणि खरे आभाळ यांच्यातही अशीच दोरी बांधावी लागते. जगभरातून ठरलेल्या वेळी फुगे सोडतात. आपल्याकडे ती वेळ पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची असते. फुग्याला यंत्र बांधलेले असते, ते वरची उष्णता आणि ओलावा कळवते. उपग्रह आणि रडारही कळवतात. ही खबर संगणकाला परत परत देतात. दिली नाही तर संगणकातले आभाळ दोन आठवड्यांत भलतीकडेच जाईल. म्हणून कालचा अंदाज आज बदलतो. तो खोटा होता म्हणून नाही, दोरी परत ओढली म्हणून. आपणही रोजचा नवा अंदाज ऐकावा, आठ दिवसांपूर्वीचा धरून बसू नये.

श्रावण संपता संपता बाबांच्या मोबाईलवर नारिंगी इशारा आला. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे लगेच हला. आजी म्हणाली, "मागच्या वेळेला पण आला होता. काय झालं? ऊन पडलं." मी आजीला ओट्यावर नेले आणि पट्टी दाखवली. तिला सांगितले, "आजी, पाचपेक्षा जास्त कोलांट्या झाल्या तर घरात पाणी आलं असं समज." पहिल्यांदा तीन झाल्या. आजी म्हणाली, "बघ, नाही आलं." दुसऱ्यांदा दोन. "बघ." तिसऱ्यांदा सात झाल्या. आजी काही बोलली नाही. तिने स्वतःच्या हाताने पट्टी उचलून आणखी दोन वेळा सोडली. मग बाबांना हाक मारून म्हणाली, "पोती माळ्यावर न्या आणि शेळ्या वरच्या अंगाला बांधा."

आम्ही सर्वांनी मिळून पोती वर नेली. तासभर लागला. रात्री पाऊस खूप पडला. पण नदी पाराच्या अलीकडे थांबली, घरात पाणी आले नाही. सकाळी मला वाटले आता आजी माझ्यावर रागावणार. मी गप्प बसलो होतो. आजी चहा पीत म्हणाली, "पोती वर न्यायला एक तास, खाली आणायला एक तास. भिजली असती तर वर्षभर काय खाल्लं असतं?" आता ती रोज संध्याकाळी बाबांना विचारते, "आज रंग कोणता?"

मित्रांनो, दोन दगडांचा प्रयोग तुम्हीही करून पाहा. दोन खुर्च्या, एक सुतळी, दोन सारख्या दोऱ्या आणि दोन सारखे दगड पुरेत. दोऱ्या मात्र बरोबर मोजून घ्या. दगड आणायला पावसाळ्यात नदीवर जाऊ नका, रस्त्याकडेचे चालतात. पट्टीचा खेळ बघायचा असेल तर आमच्या ओट्यावर या. पण किती कोलांट्या मारील ते मला विचारू नका. आणि तुमचा भाऊ "मी ढकललं नाही" असे म्हणाला, तर त्याला मारण्याआधी वरच्या बांबूकडे एकदा बघा.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी